ट्रान्सपोजचं बटण

आमच्या घरात कीबोर्ड आला तो लोकांना नाचवायला. बाबा बेंजो पार्टीत, म्हणजे हळदीला वाजवणाऱ्या ताफ्यात, कीबोर्ड वाजवायचा. मुरबाड तालुक्यात हळद ही लग्नापेक्षा मोठी गोष्ट आहे. लग्नाला लोक जेवतात आणि निघतात, हळदीला थांबतात. ते ढोलकी, बेंजो आणि कीबोर्डसाठी थांबतात असं बाबाचं ठाम मत होतं. नवरा-नवरी त्याच्या लेखी नंतर. आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून मी इथंही करत नाही. कुणाला त्यात संस्कार कमी दिसले तर दिसोत.

बाबा कुणाकडे शिकला नव्हता. गावच्या भजनात पेटी वाजवता वाजवता त्याचा कान तयार झाला आणि पार्टीवाल्यांनी त्याला उचललं. पावसाळ्यात भात, मग भेंडी-काकडी, आणि तुळशीचं लग्न लागलं की हळदी, असं त्याचं वर्ष. कोणतंही गाणं ऐकलं की त्याच्या बोटात यायचं, पण यायचं ते पांढऱ्या पट्ट्यांवरूनच. काळ्या पट्ट्यांच्या वाटेला तो सहसा जात नसे. गायकाने सूर वर धरला की बाबा कीबोर्डवरचं एक बटण दाबायचा, ट्रान्सपोजचं. छोट्या पडद्यावरचा आकडा बदलायचा आणि अख्खा कीबोर्ड वर चढायचा. बोटं होती तिथंच, आवाज मात्र गायकाला हवा तो. आमच्या भागातले बहुतेक पार्टीवाले असंच वाजवतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. हळदीत एकच चूक असते, गाणं थांबणं. बाबाचं गाणं कधी थांबलं नव्हतं.

मी बी.कॉम. होऊन मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागले होते. बी.कॉम.चा आणि खोक्यांना चिकटपट्टी लावण्याचा काय संबंध, असं मला पहिल्या महिन्यात वाटायचं, नंतर वाटायचं बंद झालं. तिथं जेवणाच्या सुट्टीत एकदा फोनवर एक म्हातारी परदेशी बाई पियानो वाजवताना दिसली. तुकडा संथ होता. डावा हात एका चालीने चालत होता आणि उजवा हात मधेच एखादं वाक्य बोलून गप्प बसत होता. ज्याने तो लिहिला तो माणूस कधीच मेला होता, माझ्या भाषेचा नव्हता, आणि तरी मला डबा खाववेना. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुणीतरी माझ्याशी आवाज न चढवता बोलतंय असं वाटलं. कंपनीत तसं कुणी बोलत नसे.

घरी आले तेव्हा बाबा ओटीवर भेंडी निवडत बसला होता. मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने हात थांबवले.

"परत लाव," तो म्हणाला.

मी परत लावला.

"काळी एक," तो म्हणाला. "रडका सूर हाय, पण चांगला रडतो."

काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. तो तुकडा तिथून उभा होता. बाबाने कीबोर्डवरचं कापड काढलं, आपल्या नेहमीच्या पांढऱ्या पट्टीवरून सूर शोधला, बटणाने चार घरं वर चढवला आणि उजव्या हाताने पहिली ओळ वाजवून दाखवली. हुबेहूब. त्यासाठी त्याने प्रथमच कीबोर्डचा ठेका बंद केला होता. आतून आई चुलीपासून ओरडली, "कोन गेलं गो?"

"कुनी नाय गेलं. असंच असतं हे."

"मग याच्यावर नाचायचं कसं?"

"नाचायचं नाय, ऐकायचं," बाबा म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच त्या बोलण्याची गंमत वाटली असावी, कारण तो बराच वेळ हसत होता.

तुकडा शिकायला त्याने मलाच बसवलं. त्याचा डावा हात हळदीत फक्त एक-दोन पट्ट्या धरून ठेवायचा, बाकी सगळं मशीन करायचं. इथं डाव्या हाताला उजव्याइतकंच काम होतं. "माझी बोटं आता नाय वळायची, तू बस," तो म्हणाला. मी कंपनीतून यायची, चहा घ्यायची आणि बसायची. तो शेजारी पाटावर. फोनवर दोन सेकंदांचा तुकडा लावायचा, गुणगुणायचा, आपल्या पांढऱ्या पट्ट्यांवर शोधायचा आणि मला दाखवायचा. चुकले की बोटांवर टिचकी. व्हिडिओतल्या बाईची बोटं काळ्या पट्ट्यांवर चढत-उतरत असायची. बाबा तिची कीव करायचा. "एवढी म्हातारी झाली, कुनी सांगितलं नाय तिला बटनाचं," म्हणायचा. मीही हसायची. मला तो बाबाच्या हुशारीचा कळस वाटत होता.

अख्खा पावसाळा आम्ही त्या तुकड्यावर काढला. आमच्या कीबोर्डला खालचे सूर कमी होते, ते बाबाने वर घेऊन बसवले. दिवाळीपर्यंत मला तो न अडखळता येऊ लागला. एकदा मी संपूर्ण वाजवला तेव्हा आई हातातलं काम टाकून दारात उभी राहिली.

मग शहापूरच्या नोकरीची बातमी कळली. हायवेला लागून एक निवासी शाळा निघाली होती. तिथल्या संगीताच्या बाईंना मदतनीस हवी होती. एक तुकडा नीट वाजवून दाखवा, बाकीचं आम्ही शिकवू, असं त्यांचं म्हणणं होतं. मला पॅकिंगमधून सुटायचं होतं, ते खरंच. पण माझ्यापेक्षा बाबालाच घाई. मला त्याने कधी मंडपात वाजवू दिलं नव्हतं. झिंगलेली माणसं कीबोर्डवर हळदीचं पाणी उडवतात, मधेच गाणं तोडून दुसरं मागतात, वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, हे त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. "तू खुर्चीत बसून वाजव," तो म्हणायचा. "समोरचे गप बसून ऐकतील. माझं वाजवनं कुनी कधी गप बसून नाय ऐकलं. तुझ्या हातून ऐकतील." त्याला काय हवं होतं ते त्याने असं सरळ सांगून टाकलं होतं. त्यामुळे पुढचं जास्त लागलं.

त्या दिवशी तो माझ्याबरोबर आला. हळदीतला चमकणारा शर्ट सोडून पांढरा, इस्त्रीचा. गावाजवळच्या धसईहून मुरबाड, आणि मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत शहापूर. एसटीत त्याने मला दोनदा विचारलं, खरा पियानो किती मोठा असतो गो? मी म्हटलं, आपल्या बैलगाडीएवढा. त्याला ते पटलं.

शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता. काळा, चकचकीत. मुख्याध्यापक होते आणि संगीताच्या बाई, केस पिकलेल्या, बोलायला मऊ. बाबाला त्यांनी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं. दार उघडंच होतं. मी स्टुलावर बसले, हात ठेवले, नेहमीच्या जागी पहिलं बोट दाबलं.

आवाज खालून आला.

बोट बरोबर होतं आणि सूर चुकीचा होता. पावसाळाभर त्या पट्टीतून मला एकच आवाज ऐकू आला होता, आणि आता तिच्यातून दुसराच निघाला, जड आणि खाली. मला वाटलं पियानो बिघडलाय. पुन्हा दाबलं. तसंच. आणि मग माझा डावा हात आपोआप उठला आणि त्या चकचकीत लाकडावर बटण शोधू लागला. पियानोला बटण नसतं. आम्ही व्हिडिओत तो शेकडो वेळा पाहिला होता. बटण नाही हे डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. दोघांच्याही.

बाई म्हणाल्या, "घाबरू नकोस, सावकाश." मी मूळ सुरावर, काळ्या पट्टीवरून सुरू करून पाहिलं. तिसऱ्या सुराला बोटं अडकली. शेवटी मी माझ्या पांढऱ्या पट्ट्यांवर परत आले आणि अख्खा तुकडा तिथूनच वाजवला, चार घरं खाली. प्रत्येक सूर कानात खटकत होता. शिकलेलं सगळं बोटांत होतं आणि त्यातलं काहीच ओळखीचं वाटत नव्हतं.

"हात चांगला आहे," बाई म्हणाल्या, "पण हे मूळ सुरात नाही. तुला असं कुणी बसवून दिलं?"

"बाबांनी," मी म्हटलं. परक्यांसमोर मी अहो-जाहो केलं.

त्यांनी एक छापील कागद पुढे ठेवला. चार शार्प, म्हणजे काळ्या पट्ट्यांच्या खुणा, आहेत, वाचता येतात का, असं विचारलं. ते मला येत नव्हतं. त्या ज्या मायेने "हरकत नाही" म्हणाल्या त्यावरूनच मला नोकरी मिळणार नाही हे कळलं.

बाहेर आले तेव्हा बाबा बाकावर नव्हता. नळावर तोंड धूत होता. तोंड धुवून झालं तरी पाणी मारतच होता. त्याला काही सांगायची गरज नव्हती. ज्या माणसाने फोनवरून एका ऐकण्यात काळी एक ओळखली होती, त्याला उघड्या दारातून काय कळलं नसेल? पहिल्या सुरालाच कळलं होतं. आतल्या कुणाच्याही आधी, माझ्याही आधी.

किन्हवलीपर्यंत तो पुढच्या सीटची दांडी धरून बसला होता. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "चूक माझी हाय गो. तुझी नाय."

"बाबा, सोड ना. दुसरी मिळंल."

"नाय सोडत," तो म्हणाला. आणि त्याने खरंच सोडलं नाही.

आमच्याकडे दारू सोडणारे लोक माळ घालतात. माळ घातली की कुणी आग्रह करत नाही, आणि पुन्हा प्यायला तर लोक तोंडावर थुंकतात. बाबाला दारूचं व्यसन नव्हतं. त्याने बटण सोडलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, देवापुढे उदबत्ती लावून, त्याने ट्रान्सपोजच्या बटणावर जखमेवर लावायची चिकटपट्टी लावली आणि देवाला सांगितलं की आजपासून याला हात लावणार नाही. आईने विचारलं, "याड लागलं का?" मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे. तसं ते नव्हतं.

तो तोच तुकडा मूळ सुरात बसवायला लागला. मला शिकवायचा म्हणून. नांगर धरलेली ती जाड बोटं दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे शिरायची नाहीत, शेजारची पट्टी हटकून दाबली जायची. पांढऱ्यावर पाण्यासारखा चालणारा हात काळ्यावर चिखलातून चालल्यासारखा चालायचा. कान त्याला क्षणोक्षणी सांगायचा की चुकलं. ज्याला कळत नाही त्याचं बरं असतं. बाबाला सगळं कळत होतं. मी म्हणायची, बाबा, पुरे आता, मी शिकेन कुठंतरी. तो मान हलवायचा आणि परत पहिल्या ओळीवर यायचा.

एवढ्यावर भागलं असतं. पण देवाला शब्द दिलेला माणूस सूट घेत नाही. त्या हंगामात त्याने हळदीतही बटण दाबलं नाही. गायक वर गेला की बाबा त्याच्यामागे काळ्या पट्ट्यांवरून चढायचा प्रयत्न करायचा आणि मागे राहायचा. पहिल्या एक-दोन हळदींत पोरांनी ढोलकी वाढवून झाकून घेतलं. मग धसईजवळच्या एका मंडपात गाणं थांबलं. नाचणारी माणसं हात वर केलेली तशीच उभी राहिली आणि मग सगळे हसले. मी तिथं नव्हते. हे मला पार्टीच्या मालकाने सांगितलं. तो घरी आला होता, चहा प्यायला आणि चांगल्या शब्दांत म्हणाला की काकांना या वर्षी आराम करू दे. बाबा म्हणाला, "बरोबर हाय." त्याच्या जागी एक नवा वाजवणारा आला. बटण दाबणारा.

मला तेव्हा इतका राग आला होता की मी ती चिकटपट्टी उपटून टाकायला गेले. बाबाने माझा हात धरला. जोरात नाही, नुसता धरला. त्याच्या तोंडाकडे बघून मी मागे फिरले. माणसाने स्वतःला शिक्षा केली की ती कुणाला माफ करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

संगीताच्या त्या बाईंनी नोकरी दुसऱ्या मुलीला दिली होती, पण मला निरोप पाठवला की रविवारी येत जा, वाचायला शिकवते. मी दोनेक वर्षं जात राहिले. कागद वाचायला शिकले, काळ्या पट्ट्यांची भीती गेली. शहापूरला एका भाड्याच्या खोलीत मुलांना कीबोर्ड शिकवायला लागले आणि पॅकिंग सुटलं. एके दिवशी घरी येऊन मी बाबाला समोर बसवलं आणि तो तुकडा मूळ सुरात, बटणाशिवाय, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. मला वाटलं, आता फिटलं. आता तो ती पट्टी काढेल.

तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "बरोबर हाय." आणि उठून वाड्यात बैलांना पाणी दाखवायला गेला. पार्टीच्या मालकालाही तो नेमकं असंच म्हणाला होता.

माझं लग्न शहापूरला ठरलं. माझ्या हळदीला बाबाची जुनी पार्टी आली, पैसे न घेता. दिवेलागणीला मला पाटावर बसवलं, बायकांनी हळद लावली, गाणी सुरू झाली. मग पोरांनी बाबाला धरून आणलं. काका, पोरीच्या हळदीत तरी एक होऊ द्या. नवा वाजवणारा उठला आणि त्याने बाबाला खुर्ची दिली. बाबा बसला. हात पट्ट्यांवर ठेवले. गायकाने सूर धरला, उंच, नेहमीसारखा. बाबाने बटणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"दाब ना बाबा," मी पाटावरून म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तो जागेवरून वाकला आणि हळूच म्हणाला, "तुझ्यासमोर नको गो."

हळदीच्या पाटावरून नवरीने उठायचं नसतं. मी उठले. बायका हां हां करत राहिल्या, मी मागच्या पडवीत गेले आणि पाण्याच्या पिंपापाशी उभी राहिले. क्षणभर मंडपात काहीच वाजलं नाही. आणि मग बाबा वाजला. कसा वाजला म्हणून सांगू! ढोलकी त्याच्यामागे धावत होती. मंडप नाचत होता, शिट्ट्या पडत होत्या, गाणं कुठंही थांबलं नाही. मी हळदीने माखलेल्या हातांनी तोंड दाबून रडत होते, आणि मला शोधायला आलेल्या आईला वाटलं की मी सासरी जायच्या दुःखाने रडतेय. मी तसंच वाटू दिलं.

आता आई फोनवर सांगते, तुझा बाप पुन्हा वाजवतो. पार्टीत नाय, घरीच, ओटीवर. चिकटपट्टी काढून टाकली का, असं मी विचारलं तर म्हणाली, कधीचीच काढली. पण मी माहेरी गेले की कीबोर्ड कापडाखाली असतो आणि बाबा भाताच्या, पावसाच्या, जावयाच्या गोष्टी काढतो. मी कधी कापडाकडे पाहिलं की तो दुसरीकडे पाहतो.

म्हणून मी धसईहून येणारी रिक्षा घराच्या बरीच अलीकडे सोडते. कुंपणापाशी येते तेव्हा बहुतेक वेळा तो वाजवत असतो. हळदीची गाणी असतात. कधी तो तुकडा असतो, काळी एकमधला, आणि इतका सहज की बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर आहेत हे मला बाहेरूनही कळतं. मी पिशवी खाली ठेवते आणि गप्प उभी राहून ऐकते. तो थांबला की आणखी थोडा वेळ जाऊ देते, कापड ओढायला लागेल तेवढा, आणि मग लांबूनच आईला हाक मारते.